ज्ञानेश्वरीचा स्वाध्याय: रोज पंचवीस ओव्या

शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला तैत्तिरीय उपनिषदातले आचार्य बजावतात, 'स्वाध्यायान्मा प्रमदः', स्वाध्यायात कसूर करू नकोस. म्हणजे गुरुकुल सुटलं तरी अभ्यास सुटत नाही.

ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. रोज पंचवीस धरल्या तर वर्षात एक आवृत्ती होते. 'रोज एक अध्याय' असा संकल्प मात्र करू नका. पहिल्या अध्यायात पावणेतीनशे ओव्या, अठराव्यात अठराशेच्या वर. तिथे नेम हमखास मोडतो. मोजायच्या त्या ओव्याच.

सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवस वर आला की डोकं चालत नाही, म्हणून सूर्योदयाआधीच बसा. आधी मोठ्याने वाचा, मग सार्थ प्रतीतला अर्थ पाहा. उलट केलंत तर अर्थच वाचला जातो आणि ओवी नुसती डोळ्यांखालून जाते.

वही हवीच. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ओवीचा क्रमांक आणि तिने उभा केलेला एकच प्रश्न लिहा. उजवी बाजू पुढच्या वर्षासाठी कोरी ठेवा. तीच ओवी पुन्हा आली की तिथे उत्तर लिहायचं, आधीचं काही खोडायचं नाही. चार-पाच आवृत्त्यांनंतर आपली समज कुठे बदलली आणि कुठे अडून राहिली, हे वहीच दाखवते. पाठांतरापेक्षा हे कितीतरी मोलाचं.

संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, घर पाहुण्यांनी भरतं. त्या दिवसांत पाचच ओव्या वाचा. राहिलेल्या एकदम भरून काढायला बसू नका, त्या पुढच्या आठवड्यांत थोड्या थोड्या वाटून घ्या.