लॅपटॉपला बाहेरून डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड: आधी वायर बघा, मग कार्ड

घरांच्या अंतर्गत सजावटीची चित्रं ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करणं हे माझं रोजचं काम. रात्री अकराला लावलेलं रेंडर (संगणकाने सीनचं अंतिम चित्र तयार करणं) सकाळी सहाला उठून बघायचं, सोफ्याची सावली चुकलेली दिसली की पुन्हा रात्रीची वाट बघायची, अशी मी दोन वर्षं काढली. लॅपटॉप आठव्या पिढीच्या कोअर आय५ चा, सोबत आतलं २ जीबी मेमरीचं एमएक्स१५० ग्राफिक्स कार्ड. माझा साधा दिवाणखान्याचा सीनसुद्धा त्या २ जीबीत मावत नव्हता, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर. आता त्याच लॅपटॉपला टेबलावर शेजारी ठेवलेलं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० हे डेस्कटॉपचं कार्ड जोडलेलं आहे आणि तोच सीन २० मिनिटांत हातात येतो.

हे जमवताना कार्ड निवडण्यात मी तीन आठवडे घालवले आणि वायर निवडण्यात एक संध्याकाळ. नंतरचा सगळा त्रास वायरीनेच दिला. म्हणून सुरुवात वायरीपासून करते.

तुमच्या लॅपटॉपमधून रस्ता कुठून निघतो

कार्ड आणि प्रोसेसर एकमेकांशी पीसीआयई या मार्गाने बोलतात. या मार्गाला लेन असतात. तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईमध्ये एका लेनमधून सेकंदाला साधारण १ जीबी डेटा जातो. डेस्कटॉपमध्ये कार्डाला १६ लेन मिळतात; लॅपटॉपमधून बाहेर काढता येतात त्या सहसा फार तर ४. पाव रस्ता मिळाला म्हणून कामही पाव वेगाने होईल असं मात्र नाही. रेंडर करताना सीन एकदा कार्डाच्या मेमरीत चढला की पुढची आकडेमोड कार्डाच्या आतच चालते, वायर जवळजवळ रिकामी असते. गेममध्ये प्रत्येक फ्रेमला ये-जा असते, तिथे फटका जास्त जाणवतो.

लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टशेजारी विजेच्या बाणाची खूण असेल तर तो थंडरबोल्ट, म्हणजे पीसीआयई बाहेर नेऊ शकणारा वेगवान पोर्ट, आणि तुमचं काम बरंच सोपं. थंडरबोल्ट ३ आणि ४ चा वेग सेकंदाला ४० गीगाबिट, त्यातले कार्डाच्या वाट्याला जास्तीत जास्त ३२. थंडरबोल्ट ४ मध्ये हे ३२ देणं निर्मात्यावर बंधनकारक आहे. थंडरबोल्ट ५ दुप्पट वेगाचा आहे. यूएसबी४ लिहिलेल्या पोर्टच्या बाबतीत सावध राहा, कारण त्यातून पीसीआयई पाठवणं लॅपटॉपच्या निर्मात्यासाठी ऐच्छिक आहे. तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलंय का ते वाचूनच पुढे जा. आणि साधा टाइप-सी पोर्ट, मग त्यातून चार्जिंग होवो की मॉनिटर चालो, या कामाचा नाही. मॅकवाल्यांनी हेही लक्षात घ्यावं की ॲपलने बाहेरून कार्ड जोडायची सोय २०१८ मध्ये मॅकओएस १०.१३.४ पासून इंटेल प्रोसेसरच्या, थंडरबोल्ट ३ असलेल्या मॅकना दिली, तीही एएमडीच्या कार्डांसाठी. एम१ आणि त्यापुढच्या मॅकवर ती सोय नाही.

माझ्या लॅपटॉपला थंडरबोल्ट नव्हता. पण पोटात एम.२ स्लॉट होता, ज्यात एनव्हीएमई एसएसडी (पीसीआयईवर चालणारी वेगवान डिस्क) बसते. तो स्लॉट म्हणजे थेट प्रोसेसरकडे किंवा चिपसेटकडे जाणाऱ्या ४ लेनच. त्यात एसएसडीऐवजी अडॅप्टरची पट्टी बसवायची, तिच्यातून चपटी केबल बाहेर काढायची आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला कार्डाचा लांब स्लॉट असलेली पाटी. थंडरबोल्टला जोडायच्या, कार्ड ठेवायच्या तयार डब्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि मधली चिप नसल्यामुळे कित्येकदा वेगवानही.

जुन्या लॅपटॉपांत वायफायच्या मिनी पीसीआयई स्लॉटमधूनही कार्ड चालवता येतं. तिथे एकच लेन मिळते, दुसऱ्या पिढीची असेल तर सेकंदाला अर्धा जीबी. दुसरा पर्यायच नसेल तरच त्या वाटेला जा.

खरेदीआधी दोन गोष्टी तपासा

पहिली म्हणजे एम.२ स्लॉट पीसीआयईचा आहे की नुसता साटाचा (डिस्क जोडायचा जुना, हळू मार्ग). दोन्ही दिसायला सारखे असतात. सध्या त्यात एनव्हीएमई एसएसडी चालत असेल तर प्रश्न मिटला. साटा एसएसडी असेल तर मॅन्युअल शोधून वाचा. नुसत्या साटा स्लॉटवर कार्ड कधीच दिसणार नाही.

दुसरी म्हणजे, तो एकच स्लॉट असेल तर विंडोज कुठे ठेवणार? माझ्याकडे अडीच इंची डिस्कची जागा रिकामी होती. तिथे साटा एसएसडी बसवली, जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यावर उतरवली, आणि एनव्हीएमई काढून टाकून लॅपटॉप नीट सुरू होतोय याची खात्री केली. ही खात्री अडॅप्टर यायच्या आधी करून ठेवा. नाहीतर दोन बदल एकाच वेळी होतात आणि घोडं कुठे अडलंय ते कळत नाही.

लॅपटॉप रोज पिशवीत घालून नेणार असाल तर एम.२ मधून ऑक्युलिंक (पीसीआयईच्या केबलची जोडणी) सॉकेट बाहेर काढणारा अडॅप्टर घ्या. त्याची केबल मधून सुटी करता येते. माझा लॅपटॉप टेबलावरच असतो, म्हणून मी अखंड चपट्या केबलचा घेतला.

वीज

इथे घाई करू नका, अशी कळकळीची विनंती आहे. कार्डाच्या स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, ६ पिनच्या जोडणीतून आणखी ७५, ८ पिनच्या जोडणीतून १५०. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात. लॅपटॉपचा चार्जर यातलं काहीच देत नाही, सगळं डेस्कटॉपच्या एसएमपीएसमधून (वीज पुरवणाऱ्या डब्यातून) येतं. मी ४५० वॅटचा चांगल्या प्रतीचा एसएमपीएस वापरते. त्याच्यावर प्रोसेसरचा भार नसल्यामुळे तो निवांत चालतो.

आता एसएमपीएसमधून निघणाऱ्या वायरी हातात घेऊन नीट बघा. ८ पिनची टोकं दोन प्रकारची असतात. एक ४ अधिक ४ असं दुभंगतं, ते प्रोसेसरसाठी. दुसरं ६ अधिक २ असं दुभंगतं, ते ग्राफिक्स कार्डासाठी. या दोघांत १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट्या आहेत. पिनांच्या कडा वेगळ्या असल्यामुळे चुकीचं टोक सहज बसत नाही, पण जोर लावला तर बसू शकतं, आणि मग कार्ड जळायला क्षण पुरतो. टोक सहज जात नसेल तर थांबा, दाबू नका. सुट्या केबलींचा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या केबली त्याला लावू नका, सॉकेट तंतोतंत बसलं तरी. आतली वायरींची मांडणी वेगळी असू शकते. आणि साटाच्या टोकाला जोडून ६ पिन काढून देणारे तुकडे मिळतात, ते घेऊ नका. साटाचं टोक १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठी बनवलेलं आहे, त्यातून ७५ ओढले की प्लास्टिक वितळतं.

लॅपटॉप उघडणं आणि पट्टी बसवणं

चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा. खालचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सुटं करा. अंगावरची स्थिर वीज जाऊ द्यायला धातूच्या एखाद्या जमिनीशी जोडलेल्या वस्तूला हात लावा.

अडॅप्टरची पट्टी एम.२ स्लॉटमध्ये थोडी तिरकी, साधारण ३० अंशांत सरकवायची. सोनेरी दात स्लॉटमध्ये पूर्ण गेले की मागचं टोक खाली दाबून स्क्रू लावायचा. स्क्रू टाळू नका. केबलच्या ताणाने पट्टी मागून केसभर उचलली गेली तरी दातांचा संपर्क बिघडतो.

आणि आता केबल. माझी चूक इथेच झाली. झाकणाला कानशीने छोटी खाच पाडून त्यातून केबल बाहेर काढली, आणि ती सुबक दिसावी म्हणून खाचेपाशी बोटाने दाबून कागदासारखी घडी घातली. लॅपटॉप सुरू झाला, कार्ड दिसलं, पहिलं रेंडर पारही पडलं. दुसऱ्या दिवशी रेंडर अर्ध्यावर असताना मॉनिटर काळा झाला आणि सगळं गोठलं. मग रोज तेच, कधी १० मिनिटांनी, कधी तासाने. ड्रायव्हर बदलले, एसएमपीएसवर संशय घेतला, कार्डच सदोष असेल म्हणून परत पाठवायचीही तयारी केली.

उलगडा झाला तो विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये. तिथे सिस्टिमच्या नोंदींत ‘व्हिया लॉगर, इव्हेंट १७’ अशा नोंदींची रांग लागली होती. त्याचा अर्थ, पीसीआयईवर डेटा चुकतोय आणि पुन्हा पाठवून दुरुस्त केला जातोय. म्हणजे वायर आजारी. केबल काढून उजेडात धरली तर घडीच्या जागी पांढरी रेघ उमटलेली. नवी केबल आणली, या वेळी वळण अंगठ्याएवढं गोल ठेवलं, खाच रुंद केली आणि केबल वायफायच्या अँटेनाच्या वायरींपासून दूर नेली. नोंदी थांबल्या, काळा पडदाही थांबला.

म्हणून केबल शक्य तितकी आखूड घ्या आणि तिला कुठेही कडक घडी पडू देऊ नका. थंडरबोल्टवाल्यांनाही आखूडपणाचं तेच: डब्यासोबत आलेली केबलच वापरा, कारण थंडरबोल्ट ३ च्या काळातल्या लांब साध्या केबली निम्म्याच, २० गीगाबिट वेगाने चालतात.

सुरू करणं

बॅटरी पुन्हा जोडा. मॉनिटर कार्डाच्याच एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमध्ये लावा. आधी एसएमपीएस चालू, मग लॅपटॉप. बऱ्याच पाट्यांवर २४ पिनची जोडणी असते आणि एसएमपीएस सुरू करण्याची तजवीज पाटीच करते. कार्डाचे पंखे एकदा गरकन फिरून थांबले तर घाबरू नका, भार नसताना बरीच कार्डं पंखे बंद ठेवतात.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ अशी नवी ओळ दिसली की अर्धी लढाई जिंकलात. ड्रायव्हर टाका, टाकताना ‘क्लीन इन्स्टॉल’चा पर्याय निवडा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. थंडरबोल्टच्या डब्याला कधी कधी आधी ‘परवानगी द्या’ असं विचारणारी चौकट येते, ती मान्य केल्याशिवाय कार्ड दिसत नाही.

मला पहिल्यांदा पिवळा त्रिकोण आणि कोड १२ आला. याचा अर्थ कार्डाला हवी असलेली मेमरीच्या पत्त्यांची जागा लॅपटॉपकडे शिल्लक नाही. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ असा पर्याय असेल तर तो चालू करा. माझ्याकडे नव्हता. मी डिव्हाइस मॅनेजरमधून आतलं एमएक्स१५० डिसेबल केलं, पुन्हा सुरू केलं, आणि त्रिकोण गेला. कोड ४३ आला, म्हणजे विंडोजने अडचणीमुळे कार्ड थांबवलं, तर जुना ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमने सेफ मोडमध्ये जाऊन मुळापासून काढा आणि नवा टाका. तरीही येत राहिला तर केबल आणि स्क्रू पुन्हा बघा.

आता जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा आणि ‘बस इंटरफेस’ची ओळ वाचा. माझ्याकडे ‘एक्स१६ ४.० @ एक्स४ ३.०’ असं येतं: कार्ड कितीचं आहे आणि प्रत्यक्ष जोडणी किती मिळाली. कार्ड रिकामं बसलेलं असताना ती १.१ दाखवते, म्हणून शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून छोटी चाचणी चालवा आणि मगच आकडा वाचा. एक्स४ ऐवजी एक्स१ दिसलं तर पट्टी नीट बसलेली नाही. लिनक्सवर हेच ‘एलएसपीसीआय’च्या सविस्तर माहितीत, लिंक स्टेटसच्या ओळीत मिळतं.

पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसखाली ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ असतं, ते बंद करा. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करा. स्लीपमधून उठल्यावर माझं कार्ड दोनदा हरवलं, तेव्हापासून मी स्लीप वापरतच नाही. ब्लेंडरमध्ये प्रेफरन्सेसच्या सिस्टिम भागात ऑप्टिक्स (आरटीएक्स कार्डांवर रेंडर करायचा पर्याय) निवडून नव्या कार्डावर खूण करा.

लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावरही चित्र दिसू शकतं, पण मग तयार झालेली प्रत्येक फ्रेम त्याच ४ लेनमधून परत आणावी लागते. गेम खेळणाऱ्यांनी बाहेरचा मॉनिटर वापरावाच. माझं रेंडर कुठेही बघितलं तरी वेळ तेवढाच लागतो.

बंद करताना क्रम उलटा: आधी लॅपटॉप पूर्ण बंद, मग एसएमपीएस. एम.२ किंवा ऑक्युलिंकची जोडणी चालू लॅपटॉपमधून कधीही उपसू नका. नव्या जोडणीवर पहिला आठवडाभर रोज संध्याकाळी इव्हेंट व्ह्यूअर उघडून इव्हेंट १७ च्या नोंदी शोधा. एकही दिसली नाही, तर झाकण कायमचं लावायला हरकत नाही.