शिजवलेली भाजी की फळाचा रस? पोषणमूल्यांची तुलना अशी करा

‘शिजवल्यावर भाजीत उरतं काय, त्यापेक्षा ग्लासभर रस बरा’ हे आपण इतक्यांदा ऐकतो की ते पडताळून पाहावं असं वाटतच नाही. पडताळायला फारसं काही लागत नाही. पोषणमूल्यांचा एक विश्वासार्ह तक्ता, वजनकाटा आणि कागद-पेन पुरे.

१. तक्त्यातली नोंद नीट निवडा. कच्च्या आणि शिजवलेल्या भाजीच्या नोंदी वेगळ्या असतात. कच्च्या पालकात १०० ग्रॅममागे सुमारे २८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, उकडून निथळलेल्या पालकात जेमतेम १०. इथेच गफलत झाली की पुढचं सगळं गणित वाया. रस बाटलीबंद असेल तर वेष्टनावरचेच आकडे घ्या, कारण त्यात क जीवनसत्त्व वरून घातलेलं असू शकतं.

२. आकडे आपल्या वाढणीवर आणा. तक्ता १०० ग्रॅमचा असतो, आपण खातो वाटीभर आणि पितो ग्लासभर. म्हणून भाजी शिजल्यावर एकदा तोलून घ्या. उदाहरणादाखल १५० ग्रॅम उकडलेली ब्रोकोली आणि २०० मिलिलिटर संत्र्याचा ताजा रस शेजारी शेजारी मांडू (आकडे अंदाजे):

- उष्मांक: ब्रोकोली ५०, रस ९०
- साखर: ब्रोकोली २ ग्रॅम, रस १७ ग्रॅम
- तंतुमय पदार्थ: ब्रोकोली ५ ग्रॅम, रस अर्ध्या ग्रॅमहून कमी
- क जीवनसत्त्व: दोन्हींत १०० मिलिग्रॅमच्या आसपास

शेवटची ओळ पुन्हा वाचा. उकडूनही ब्रोकोली संत्र्याच्या रसाच्या तोडीस तोड उतरते! पालक इथे मागे पडेल. पण लोह, फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) आणि अ जीवनसत्त्व हे रकाने मांडले तर तोच रसाच्या कितीतरी पुढे जाईल. म्हणून ‘जास्त पौष्टिक काय?’ असं मोघम विचारण्यापेक्षा आपल्याला नेमकं काय हवं आहे ते आधी ठरवा आणि तेवढेच रकाने भरा.

३. साखरेचा रकाना मात्र कधीच गाळू नका. रस गाळताना चोथा जातो, साखर राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रसातली नैसर्गिक साखरही मर्यादेत घ्यायच्या साखरेतच मोजतात. ही मर्यादा दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी, म्हणजे २००० उष्मांकांच्या आहारात ५० ग्रॅमच्या आत. अख्खं फळ या हिशोबात येत नाही.

४. वरून घातलेलं मोजा. भाजीत मोठा चमचाभर तेल पडलं की सुमारे १२० उष्मांक वाढतात, म्हणजे वरच्या ब्रोकोलीच्या दुपटीहून जास्त. मीठही लिहा. रसात साखर घातली असेल तर तीही.

५. अंगी किती लागतं ते पाहा. पालकात कॅल्शियम भरपूर दिसतं, पण पालकातच असलेलं ऑक्झलेट हे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे त्यातलं फार थोडं शोषलं जातं. गाजराचं उलट आहे: शिजवल्यावर, थोड्या तेलासोबत, त्यातलं बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) अधिक चांगलं शोषलं जातं. भाज्यांमधलं लोह शोषायला क जीवनसत्त्वाची मदत होते, त्यामुळे जेवताना घेतलेला छोटा ग्लासभर रस भाजीच्याच उपयोगी पडतो. रसाला नुसतं बाद ठरवणं मला म्हणूनच पटत नाही.

भाजी क जीवनसत्त्वात फारच मागे पडली, तर पुढच्या वेळी भरपूर पाण्यात उकडण्याऐवजी थोडा वेळ वाफवा आणि वाफवलेल्या भाजीची नोंद घेऊन तोच रकाना पुन्हा भरा.