फॉरमॅटमेसेज शून्य परत देतंय, एरर ३१७? माझा अनुभव

फॉरमॅटमेसेज हे विंडोजचं फंक्शन आयडीवरून मेसेजचा मजकूर काढून देतं. माझं मेसेज टेबल (आयडी आणि मजकुरांची यादी) डीएलएलमध्ये नीट कंपाइल झालेलं, तरी फॉरमॅटमेसेज शून्यच, म्हणजे अपयश, देत होतं आणि शेवटचा एरर कोड सांगणारं गेटलास्टएरर ३१७, म्हणजे त्या आयडीचा मेसेजच सापडत नाही. लँग्वेज आयडी शून्य करून पाहिला, क्लीन बिल्ड केला, काही फरक नाही. दोन दिवस अक्षरशः डोकं फिरलं.

चूक आयडीत होती. एमसी फाइलमध्ये (जिच्यात मेसेज लिहितात) मेसेजआयडी १ लिहिलं तरी कंपायलर त्यात सिव्हिरिटी (मेसेज किती गंभीर) आणि फॅसिलिटी (तो कुठल्या भागाचा) यांचे बिट्स मिसळतो, माझ्याकडे सिव्हिरिटी एरर आणि फॅसिलिटी २, म्हणून खरा आयडी हेक्समध्ये सी००२०००१ आणि मी मात्र नुसता १ पाठवत होतो.

आधी एमसी कंपायलर चालवा, मग त्यातून आलेली आरसी फाइल रिसोर्स कंपायलरला द्या, मग त्यातून निघालेली रेस फाइल डीएलएलमध्ये लिंक करा. त्याच वेळी तयार झालेली हेडर फाइल कोडमध्ये घ्या आणि तिच्यातलंच नाव वापरा, आकडा हाताने टाकू नका. फॉरमॅटमेसेजला फ्लॅग फ्रॉम-एचमॉड्यूल द्या (म्हणजे मेसेज मॉड्यूलमध्ये शोध), आणि हँडल त्या डीएलएलचंच, नल दिलं तर ते प्रोग्रामच्या एक्झीमध्ये शोधत बसतं.