प्रोजेक्टर चालू, वर्ग बंद! वर्गात तंत्रज्ञान वापरताना या चुका टाळा

सातवीच्या मुलांना हृदयाचे ठोके ऐकवायचे म्हणून मी एक छान व्हिडिओ शोधून ठेवला होता. पडद्यावर हृदय आकुंचन पावत होतं, प्रसरण पावत होतं, आवाजाचा मात्र पत्ता नव्हता. मी आवाज शंभरवर नेला, स्पीकरची वायर काढून पुन्हा घातली, लॅपटॉप बंद करून चालू केला. यात आठ-नऊ मिनिटं गेली आणि तेवढा वेळ वर्गाकडे माझी पाठ होती. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, आवाज प्रोजेक्टरमध्ये जात असेल."

तिचंच खरं निघालं. एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. ती जोडली की बरेचदा कॉम्प्युटर आवाजही प्रोजेक्टरकडे वळवतो, आणि प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर एकतर बंद असतो किंवा डासाएवढा गुणगुणतो. खालच्या पट्टीवरच्या स्पीकरच्या चिन्हात जाऊन आवाज कुठून बाहेर पडावा ते निवडलं की काम झालं. (जुन्या व्हीजीए केबलची गोष्ट उलटी. तिच्यातून फक्त चित्र जातं, आवाजाची वायर वेगळी लावावीच लागते.)

तेव्हापासून कुठलंही साधन वर्गात नेताना मी एक हिशेब करतो: हे अडलं तर मुलांकडे माझी पाठ किती वेळ राहील? खाली लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या चुका मी स्वतः केल्या आहेत.

घरी चाललं, म्हणजे वर्गातही चालेल

चालत नाही. घरचा लॅपटॉप वेगळा, वर्गातला कॉम्प्युटर वेगळा. सगळ्यात जास्त घोळ फॉन्टचा होतो. जुन्या, युनिकोड (म्हणजे सगळ्या मशीनवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की सुंदर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्येच टाइप करा आणि शेवटी एक पीडीएफ प्रत काढून ठेवा, कारण पीडीएफ तयार करताना फॉन्ट सहसा फाइलमध्येच बसतो. स्लाइडमध्ये व्हिडिओ न घालता आपल्या मशीनवरच्या फाइलची नुसती लिंक दिली असेल, तर व्हिडिओ घरच्या मशीनवरच राहिलेला असतो हेही ध्यानात ठेवा.

लॅपटॉपवर सगळं ठीक दिसतंय, पण भिंतीवर फक्त डेस्कटॉपचं चित्र आहे? विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबा. चार पर्याय येतात, त्यातला 'डुप्लिकेट' निवडा. 'नो सिग्नल' दिसलं तर केबल हलवत बसण्याआधी प्रोजेक्टरच्या रिमोटवरचं 'सोर्स' बटण दाबून बघा. स्मार्ट बोर्डवर पेन एकीकडे टेकतं आणि रेघ दुसरीकडे उमटते तेव्हा बोर्ड बिघडलेला नसतो, तो कुणाच्या तरी धक्क्याने हललेला असतो. सेटिंगमधलं कॅलिब्रेशन, म्हणजे पेन आणि रेघ पुन्हा जुळवणं, एकदा करा.

तास सुरू होण्याआधी शेवटच्या बाकावर जाऊन बसा. तिथून जे वाचता येत नाही ते स्लाइडवर नाहीच असं समजा. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं दिवसाच्या उजेडात दिसत नाहीत. आणि 'लाल ते चूक, हिरवं ते बरोबर' एवढ्याच खुणेवर विसंबू नका. वर्गातल्या एखाद्या मुलाला हे दोन रंग वेगळे दिसतच नसतील, आणि ते कदाचित त्याला स्वतःलाही ठाऊक नसेल. सोबत फुली आणि बरोबरची खूण द्या.

लिंक दिली की काम झालं

"सर, परवानगी मागतंय." हे वाक्य ऐकलं नाही असा शिक्षक विरळाच. फाइल तुमच्या खात्यात आहे, तुम्ही लॉगिन आहात, त्यामुळे तुम्हाला ती उघडतेच. मुलांना उघडत नाही. लिंक पाठवण्याआधी ब्राउझरची इनकॉग्निटो, म्हणजे खासगी, विंडो उघडून तिथे लिंक टाकून बघा. तिथे उघडली तर मुलांना उघडेल. या एका सवयीने माझे जितके तास वाचले तितके कुठल्याही प्रशिक्षणाने वाचले नाहीत. प्रश्नावली असेल तर ती स्वतः एकदा भरूनही बघा. अनिवार्य केलेला एखादा विसरलेला प्रश्न तिथेच सापडतो.

दुसरी गोष्ट इंटरनेटची. 720 दर्जाच्या व्हिडिओला साधारण 2.5 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेग लागतो. चाळीस मुलांनी तो एकदम लावला तर 100 एमबीपीएस हवेत, आणि तेही सगळा वेग फक्त तुमच्याच वर्गाला मिळाला तर. शिवाय 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये एकमेकांच्या आड न येणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. शेजारच्या वर्गांचे राउटरही त्याच गर्दीत असतात. म्हणून व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवा, एकाच पडद्यावर दाखवा, किंवा चार-पाच मुलांत एक टॅबलेट द्या. गटातला एक टॅबलेट मुलांना बोलायलाही भाग पाडतो. पुरेसे टॅबलेट असले तरी मी बऱ्याचदा तसंच करतो.

स्लाइड वाचून दाखवणं

पडद्यावर मजकूर आणि तोंडानेही तोच मजकूर. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत वारंवार दिसलं की चित्र दाखवून बोलून समजावताना तेच शब्द पडद्यावरही छापले, तर शिकणं सुधारत नाही, उलट घसरतं. चित्र ठेवा, परिच्छेद काढा. आणि मुलांनी तुमच्याकडे बघायला हवं असेल तेव्हा स्लाइड शोमध्ये बी दाबा. पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो.

प्रश्नमंजूषेची शर्यत लावणं

क्विझचं ॲप, संगीत, उलटी मोजणी, वर कोण पहिला कोण दुसरा. वर्ग डोक्यावर घेतला जातो आणि आपल्याला वाटतं, काय रंगला तास! मलाही दोन वर्षं तसंच वाटत होतं.

आठवून उत्तर दिल्याने लक्षात चांगलं राहतं, यात शंका नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं की धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवत होता. पण आठवायला वेळ लागतो. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबत असल्याचं आढळलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होत गेली. आपण मात्र पडद्यावर टिकटिकणारं घड्याळ लावून तीच जुनी घाई परत आणली. सावकाश वाचणारं मूल दुसऱ्या प्रश्नापासून नुसतं कुठलंतरी बटण दाबतं, आणि त्याची चूक 'येत नाही' अशी नोंदली जाते.

घड्याळ बंद करा किंवा एक मिनिटावर न्या. नावांची क्रमवारी लपवा. आणि खरी कमाई चुकीच्या उत्तरांत असते, ती सोडू नका. 1/3 आणि 1/4 यांत मोठा अपूर्णांक कोणता, याला अर्ध्या वर्गाने 1/4 म्हटलं, तर पुढचा प्रश्न दाबायचा नाही. तिथेच थांबायचं. "4 मोठा म्हणून 1/4 मोठा" हे मुलांच्या डोक्यातलं गणित ॲपने तुमच्यापुढे आणून ठेवलंय. पाचच प्रश्न घ्या, पण प्रत्येकावर भांडू द्या.

काम नसताना पडदे उघडे ठेवणं

2013 मध्ये सना, वेस्टन आणि सेपेडा या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात तासाला लॅपटॉपवर भलतंच काही करणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण तर घसरलेच, पण ज्यांच्या नजरेसमोर असे लॅपटॉप होते त्यांचेही घसरले. म्हणजे एका मुलाचा खेळ मागच्या चौघांचा तास खातो. 'झाकण खाली' अशी एक ठरलेली सूचना ठेवा, आणि ती दिल्यावर शेवटचं झाकण खाली जाईपर्यंत बोलू नका.

तुमचा स्वतःचा पडदाही उघडाच असतो, हे विसरायला होतं. माझ्या बायकोचा 'येताना कोथिंबीर' हा निरोप एकदा संपूर्ण नववीने भिंतीवर वाचला आहे. नोटिफिकेशन बंद करा, आणि पासवर्ड टाकताना प्रोजेक्शन थांबवा.

एआयवर संशय, तोही एआयकडूनच

निबंध एआयने लिहिलाय का हे सांगणाऱ्या साधनावर विसंबून मुलाला उभं करू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै 2023 मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. कंपनीच्याच चाचणीत त्याने एआयचा फक्त 26 टक्के मजकूर ओळखला होता आणि माणसांनी लिहिलेल्या 9 टक्के मजकुरावर खोटा आळ घेतला होता. मुलाला जवळ बोलवा, निबंधातला एखादा परिच्छेद दाखवा आणि विचारा, "हे का लिहिलंस?" दोन मिनिटांत कळतं. आपली घाई झाली म्हणून मुलांची नावं, गुण आणि शेरे चॅटबॉटमध्ये चिकटवणं ही मात्र शिक्षकांची चूक, आणि ती फार सर्रास चालू आहे. नावं काढून टाका.

अडलं तर

दोन मिनिटं. त्यात सुटलं नाही तर बंद करायचं आणि खडू उचलायचा. म्हणून पडद्याशिवायचा तास कसा घ्यायचा ते वहीत दोन ओळींत आधीच लिहून ठेवायचं.

हृदयाचा तो तास पुढच्या वर्षी पुन्हा आला. या वेळी केबल ठीक होती, वीज नव्हती. मुलांना मनगटावर बोटं ठेवायला सांगितली, पंधरा सेकंद ठोके मोजून चारने गुणायला लावलं आणि आकडे फळ्यावर मांडले. बहुतेक आकडे ऐंशी-नव्वदच्या आसपास आले. एकीचे 128 भरले. ती उशीर झाला म्हणून तीन जिने पळत चढून आली होती, आणि मग पुढचा अर्धा तास सगळा वर्ग जिन्यावर होता.