‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचायला घेताय? या चुका टाळा

चित्रपट पाहून ही कादंबरी हातात घेणारे वाचक मला सतत भेटतात आणि बहुतेक जण त्याच त्या जागी अडखळतात. अडचण इंग्रजीची नसते, पानांच्या संख्येचीही नसते. घाई नडते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कथानायक फ्रोडोच्या मागे धावणं. (इथून पुढे कथेतली वळणं उघडी होतात.) टॉल्किननं कादंबरी सहा भागांत रचली. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद महाग होता म्हणून १९५४-५५ मध्ये ती तीन खंडांत निघाली. चौथ्या भागाच्या शेवटी फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो आणि पाचव्या भागाची दहाच्या दहा प्रकरणं तो कुठे दिसत नाही. मी कॉलेजात होते, लायब्ररीची प्रत दोन दिवसांत परत करायची होती. मला लढाया नको होत्या, फ्रोडो हवा होता. पाचवा भाग सोडून सरळ सहावा उघडला. त्याच्या सोबत्यानं, सॅमनं, त्याला सोडवलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मग निवांतपणे मागे गेले. पाचव्या भागाच्या शेवटच्या प्रकरणात मॉर्डोरच्या काळ्या दरवाजासमोर शत्रूचा दूत फ्रोडोचं मिथ्रिल या धातूचं चिलखत सगळ्यांना दाखवतो. फ्रोडोचा मित्र पिपिन दुःखानं ओरडून पुढे झेपावतो. मी मात्र कोरडी राहिले, कारण फ्रोडो सुटलाय हे मला आधीच ठाऊक होतं. दहा प्रकरणं लेखकानं आपल्याला अंधारात ठेवलं ते या क्षणासाठी, आणि तो मी माझ्या हातानं घालवला. त्यानंतर कितीदा तरी वाचलं, पण तो पहिला धक्का मला कधीच मिळणार नाही. म्हणून माझी प्रत कुणाला देताना सहाव्या भागाच्या पानांना रबरबँड लावूनच देते.

दुसरी चूक याच जातीची. ‘टॉम बाँबडिल हे पात्र चित्रपटात नाहीच, मग तो भाग गाळला तर काय बिघडलं?’ बरंच बिघडतं. थडग्यातून सोडवल्यावर टॉम फ्रोडोसह चौघा हॉबिटांना (बुटक्या जातीच्या लोकांना) तिथलेच जुने खंजीर देतो. अँगमारच्या दुष्ट राजाशी झुंजलेल्या लोकांनी ते घडवलेले असतात. पुढे पेलेनॉरच्या रणात त्याच राजाच्या गुडघ्यामागे त्या चौघांतला मेरी वार करतो तो त्याच खंजिरानं, आणि दुसऱ्या कुठल्याही पात्यानं इतकी जिव्हारी जखम झाली नसती असं टॉल्किन स्पष्ट लिहितो. चित्रपटात हॉबिटांना तलवारी त्यांचा वाटाड्या अ‍ॅरागॉर्न देतो, त्यामुळे हा धागाच उरत नाही. पानं गाळून वेळ वाचवणाऱ्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

कविताही गाळू नका. ब्री गावाच्या खाणावळीत जादूगार गँडाल्फच्या पत्रातल्या ओळींवरूनच अ‍ॅरागॉर्न कोण ते उमगायला लागतं.

दोन खलनायकांची नावं सारखी वाटतात: सॉरॉन मॉर्डोरचा, सारुमान आयसेनगार्डचा. एवढं पक्कं करा.

बाकी नावांची धास्ती घेऊ नका. स्ट्रायडर, अ‍ॅरागॉर्न, एलेसार हा एकच माणूस. पार्थ, धनंजय, सव्यसाची म्हणजे अर्जुनच, हे आपल्याला कुणी तक्ता काढून शिकवलं नव्हतं. एओमर आणि एओविन भाऊ-बहीण. त्यांच्या नावातला ‘एओ’ घोड्यासाठीच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आलाय. टॉल्किन ऑक्सफर्डला त्याच भाषेचा प्राध्यापक होता आणि हे लोक घोडेस्वारांच्या राज्यातले. मी वहीच्या एका पानावर पेन्सिलीनं नाव आणि त्या माणसानं केलेली एक गोष्ट लिहिते, बस्स. मोबाइलवर मात्र नाव शोधू नका. पहिल्या दोन ओळींतच तो माणूस कसा मेला ते कळतं.

नकाशाच्या पानात दुसरी खूण ठेवा.

परिशिष्टं शेवटी वाचा, आधी चाळूसुद्धा नका. त्यातल्या दुसऱ्या परिशिष्टात तारीखवार नोंदी आहेत. कादंबरी संपली की तिथली १५ मार्चची नोंद काढा. मेरीचा तो वार आणि फ्रोडो-सॅमची बुरुजातून सुटका, दोन्ही त्याच दिवशीचं. मध्ये कितीतरी प्रकरणं ठेवून सांगितलेलं सगळं तिथे एका तारखेखाली सापडतं.