पीएम किसानची वसुली नोटीस आली तर

अण्णांना नोटीस आली: तुम्ही प्राप्तिकर भरता, सबब घेतलेले 12,000 रुपये परत करा. त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणून सांगते, घाबरून लगेच पैसे भरू नका. मागच्या कर निर्धारण वर्षात कर भरलेला माणूस या योजनेत अपात्र ठरतो, नुसतं रिटर्न भरलेला नाही. अण्णांनी ट्रॅक्टरच्या कर्जासाठी रिटर्न भरलं होतं, कर शून्य.

प्राप्तिकराच्या पोर्टलवरून नोटिशीत लिहिलेल्या वर्षाची रिटर्नची पोचपावती आणि फॉर्म 26एएस (आपल्या नावावर कापलेला नि भरलेला कर दाखवणारा उतारा) काढा. पोचपावतीवर कराच्या रकान्यातल्या शून्याभोवती मी लाल पेनाने गोल केला. सोबत नोटिशीची झेरॉक्स, सातबारा, आधार, पासबुक. वसुली रद्द करण्याचा अर्ज तहसीलदारांच्या नावे, दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. तोंडी सांगितलेलं कागदावर उरत नाही. मला तीन खेपा पडल्या, आणि दर वेळी तो आवक क्रमांकच कामी आला.

26एएसमध्ये अनोळखी टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) दिसला, तर ज्या बँकेने तो दाखवलाय तिच्याकडून आधी दुरुस्ती करून घ्या. कर खरोखर भरला असेल, तर मात्र रक्कम परत करा आणि पावती सातबाऱ्याच्या फाईलमध्येच लावा.