कला-प्रकल्प करताय? निदान या चुका टाळा

स्केचबुकांचा गठ्ठा तपासायला आला की मी शेवटचं चित्र आधी बघत नाही. मधलंच एखादं पान उघडतो. तिथे खाडाखोड दिसली की जीव भांड्यात पडतो. पान चकचकीत असेल, कडेने रंगीत बॉर्डर आणि वर सजवलेलं शीर्षक असेल, तर पुढे काय वाढून ठेवलंय ते कळतं.

आधी चित्र, मग स्केचबुक

या चुकीचा मला मनापासून राग आहे. एका मुलीच्या स्केचबुकात 3 महिन्यांवर पसरलेल्या तारखांची 12 रेखाटनं होती. सगळी एकाच पेन्सिलीची, एकाच दाबाची. विषय होता खिडकीत बसलेला म्हातारा, आणि पहिल्याच पानावर हुबेहूब शेवटच्या चित्रातली मांडणी. मी विचारलं, "यातलं सोडून काय दिलंस?" ती गप्प. सोडलेलं काही नव्हतंच. चित्र आधी झालं होतं आणि स्केचबुक दोन रात्रींत भरलं होतं.

वाईट याचं वाटलं की तिचा हात चांगला होता. पण खिडकीचा उभा गज बरोबर म्हाताऱ्याच्या डोक्यातून वर निघाला होता, शिंग फुटल्यासारखा. पाच मिनिटांच्या कच्च्या रेखाटनात तो दिसला असता. मोठ्या कॅनव्हासवर दिसला तेव्हा रंग वाळला होता.

पिकासोने 1937 साली 'गेर्निका' हे भलंमोठं चित्र केलं, त्याआधी आणि करता करता चाळीसहून जास्त अभ्यासचित्रं काढली. सुरुवातीच्या एका रेखाटनात घोड्याच्या जखमेतून पंखांचं छोटं घोडं बाहेर पडतं. अंतिम चित्रात ते नाही. कॅनव्हासवर आधी मूठ आवळलेला उंच हात होता, तोही त्याने पुसला. छायाचित्रकार डोरा मारने काढलेल्या फोटोंत हे टप्पे दिसतात. त्याला पहिल्या फटक्यात जमलं नाही, आणि आपल्याला जमेल असं दरवर्षी कुणालातरी वाटतं.

माझी सवय अगदी साधी आहे. एका पानावर काडेपेटीएवढ्या 8 चौकटी, प्रत्येकीला 2 मिनिटं, टोन फक्त तीन: काळा, करडा, कोरा. पेनने, म्हणजे खोडरबराचा प्रश्नच मिटतो. पहिल्या तीन चौकटी भिकार निघतात, माझ्याही. "सर, डोक्यात आहे सगळं, थेट मोठ्यावर करू का?" असं विचारणाऱ्याला मी आधी ते डोक्यातलं काडेपेटीत काढून दाखवायला लावतो.

आणि चित्र आधी झालंच असेल, तर खोट्या तारखा घालू नका. खरी तारीख घालून त्याच चित्राच्या चार वेगळ्या मांडण्या काढा आणि काय बदललं असतं ते लिहा. तपासणाऱ्याला बनवाबनवी कळते. आम्हीही विद्यार्थी होतो.

आकाशात भोवरे घातले की झाला व्हॅन गॉग

चित्रकाराचं चरित्र दीड पान उतरवायचं, त्याचं प्रसिद्ध चित्र छापून चिकटवायचं आणि आपल्या चित्रात त्याचे भोवरे, ठिपके नाहीतर सोनेरी रंग पेरायचा. याला प्रभाव म्हणतात असा समज कुणी पसरवला कोण जाणे.

खुद्द व्हॅन गॉग प्रभाव कसा घ्यायचा ते बघा. फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना, 1889-90मध्ये, त्याने आधीच्या पिढीतल्या मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून बरीच चित्रं केली. समोर होत्या काळ्या-पांढऱ्या छापील प्रती. आकृती आणि मांडणी मिलेची ठेवली, रंग मात्र स्वतःच्या मनाने शोधले. काय उसनं घ्यायचं आणि काय नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी मुलांना एकच प्रश्न विचारतो: या चित्रकाराचा कुठला *निर्णय* घेतलास? केथे कोलविट्झ ही जर्मन चित्रकार आवडली म्हणून रडके काळे चेहरे काढू नका. ती पार्श्वभूमी किती गाळते आणि हातांना किती वजन देते ते पाहा. तिच्या चित्राचा तळहाताएवढा तुकडा उतरवा, लगेच शेजारी आपला विषय त्याच रीतीने काढा, खाली एक वाक्य लिहा: कुठे फसलं. दीड पान चरित्रापेक्षा ते एक वाक्य मी आवडीने वाचतो.

मिश्र माध्यम म्हणजे मिसळेल ते माध्यम

ही गोष्ट माझ्याच दुर्लक्षाची. एका मुलाने बोर्डावर ऑइल पेस्टलचा जाड थर दिला, त्यावर ॲक्रिलिक रंगवलं. झकास दिसत होतं. मी शेजारून दोनदा गेलो, मान डोलावली आणि बोललो काही नाही. प्रदर्शन मांडायच्या आदल्या संध्याकाळी बोर्ड उचलताना कोपरा किंचित वाकला आणि अख्खा गाल पापुद्र्यासारखा सुटून हातात आला. मुलगा रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. ते जास्त लागलं.

ऑइल पेस्टलमध्ये मेण असतं आणि कधीच पूर्ण न वाळणारं तेल. पाण्यात कालवायचं ॲक्रिलिक त्यावर पकड घेत नाही, नुसतं पांघरूण घालतं. क्रम उलटा करा: खाली ॲक्रिलिक किंवा जलरंग, नीट वाळू द्या, वर पेस्टल. तैलरंगाचंही तेच: ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक नाही. मेणाच्या रेघांवरून जलरंग ओघळू देणं हा वेगळा, मुद्दाम केलेला खेळ.

तेव्हापासून मी त्याच बोर्डाची चार बोटं रुंद पट्टी कापतो, ठरलेल्या क्रमाने थर देतो, रात्रभर ठेवतो. सकाळी नखाने खरवडायचं, मास्किंग टेप चिकटवून ओढायची. टेपला रंग आला तर बेत बदलायचा. "एवढा वेळ नाही" म्हणणाऱ्याला मी त्या गालाची गोष्ट सांगतो.

बाकीच्या, थोडक्यात

पातळ स्केचबुकात भरपूर पाणी ओतून कागद सुरकुतला अशी तक्रार करू नका. ओल्या कामाला 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारा जाड कागद घ्या. वर्तमानपत्राचं कात्रण पिवळं पडणारच, पिवळेपणा नको असेल तर चांगल्या कागदावर त्याची झेरॉक्स काढून ती लावा. इंकजेटच्या प्रिंटवर ओला ब्रश फिरवला की शाई सहसा पसरते, लेझर प्रिंट टिकते. जेल मीडियमने (ॲक्रिलिकचा जाडसर पारदर्शक लेप) छापील चित्र दुसऱ्या कागदावर उतरवणार असाल तर ते आरशातल्यासारखं उलटं उमटतं, म्हणून अक्षरं आधी उलटी छापा. आणि चारकोलच्या पानांमध्ये बटर पेपर घाला, म्हणजे चित्र पुसलं जात नाही. त्याऐवजी वर हेअरस्प्रे मारून चारकोल पक्का करायचा सल्ला देणाऱ्याला त्याची दोन वर्षांपूर्वीची चित्रं दाखवायला सांगा.